सोळा चाकं आणि आजीचं जातं

तर झालं असं, की शुक्रवारी संध्याकाळी क्लायंटने रिलीज एक आठवडा पुढे ढकललं आणि माझा वीकांत अचानक मोकळा झाला. कामानिमित्त सध्या मुक्काम मार्सेयला, दक्षिण फ्रान्समध्ये. टीममधली बाकीची मंडळी पॅरिसला पळाली. मी मात्र सकाळची गाडी पकडून अर्लला उतरलो, स्टेशनजवळ भाड्याची सायकल घेतली आणि फाँव्हिए नावाच्या खेड्याच्या दिशेने पायडल मारायला लागलो. ऑक्टोबर संपत आला होता. मिस्त्राल नावाचा जो उत्तरेकडचा वारा इकडे सुटतो तो समोरून असला की सायकल चालवणं आणि ढकलणं यात फारसा फरक राहत नाही. असो.

फाँव्हिएत बहुतेक पर्यटक जातात ते एका पवनचक्कीसाठी. आल्फोन्स दोदे या लेखकाचं 'माझ्या चक्कीतून पत्रं' अशा अर्थाचं एक पुस्तक आहे, १८६९ चं. त्यातली चक्की ती हीच, असं सांगून लोक तिच्यासमोर फोटो काढतात. गंमत म्हणजे दोदे त्या चक्कीत कधी राहिलाच नव्हता, तो गावातल्या ओळखीच्यांच्या वाड्यावर उतरायचा. मला मात्र त्या पवनचक्कीत रस नव्हता. मला जायचं होतं गावाच्या दक्षिणेला दोन-तीन किलोमीटरवर असलेल्या एका पाणचक्कीच्या अवशेषांकडे. बार्बेगाल असं त्या जागेचं नाव.

पाणचक्की म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येते ती छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादची. शाळेच्या सहलीत तो हौद, ते मासे आणि भिंतीवरून कोसळणारं पाणी बघितलेलं असतं. काही किलोमीटरवरून मातीच्या नळांनी पाणी आणून दर्ग्यातल्या यात्रेकरूंसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी धान्य दळायचं, ही तिथली व्यवस्था. तीनेकशे वर्षांपूर्वीची. त्या वयात मला ती फार प्राचीन वाटली होती. बार्बेगालची चक्की तिच्याही सोळाशे वर्षं आधीची आहे, आणि ती एक चक्की नाही. सोळा आहेत.

रस्त्याकडेला सायकल लावली. तिकीटखिडकी नाही, कुंपण नाही, चहाची टपरी नाही. ऑलिव्हच्या झाडांमधून एक पायवाट जाते आणि तिच्या कडेला रोमन जलसेतूच्या मोडक्या कमानी उभ्या आहेत. नीट बघितलं तर कमानींच्या रांगा दोन दिसतात, एकमेकींना लागून. आल्पिय नावाच्या चुनखडीच्या डोंगररांगेतून आलेले हे दोन कालवे. एक पुढे वळून अर्ल शहराला पाणी द्यायला जायचा. दुसरा सरळ दक्षिणेला जाऊन समोरच्या टेकाडाला भिडतो आणि तिथे रोमनांनी चक्क खडक कापून त्याला वाट करून दिली आहे. त्या कापलेल्या खिंडीतून आपणही चालत जायचं. दोन्ही बाजूंना दगडी भिंती, पायाखाली जिथून एकेकाळी पाणी वाहायचं तो तळ. आणि खिंड संपते तिथे जमीनच संपते. समोर खाली पसरलेलं सपाट मैदान आणि पायाशी तीसेक अंशांचा उतार. त्या उतारावर पायऱ्या पायऱ्यांनी उतरत गेलेले भिंतींचे अवशेष, मध्ये वाढलेलं गवत आणि झुडपं.

आधी वाचून गेलो नसतो तर मला ते पडक्या गोठ्यासारखं वाटलं असतं, खोटं कशाला बोला.

आता थोडी इंजिनिअरिंगगिरी. मी कागदोपत्री मेकॅनिकल इंजिनिअर आहे. कॅम्पस इंटरव्ह्यूत सॉफ्टवेअर कंपनीने उचललं आणि त्यानंतर टर्बाइनचा आणि माझा संबंध संपला तो संपलाच. (आमच्या वर्गातल्या साठातल्या पन्नासांची हीच कथा.) पण तो उतार बघितल्यावर चार वर्षांचं हायड्रॉलिक मशिन्स एकदम अंगात आलं. खिंडीतून येणारं पाणी वर एका त्रिकोणी हौदात पडायचं आणि तिथे त्याचे दोन भाग व्हायचे. उताराच्या दोन बाजूंना आठ-आठ चाकांच्या दोन रांगा. पाणी पहिल्या चाकावर वरून पडायचं, ते फिरवून त्याखालच्या हौदात, तिथून दुसऱ्या चाकावर, मग तिसऱ्या... असं एकच पाणी आठ वेळा कामाला लावलेलं. प्रत्येक चाकाचा आस भिंतीतून शेजारच्या खोलीत जाणार, तिथे लाकडी दातेरी चाकं त्या उभ्या फिरण्याचं आडव्या फिरण्यात रूपांतर करणार, आणि वरचा दगड खालच्या दगडावर गरगरणार. ही दातेरी चाकांची युक्ती काही यांनी शोधलेली नव्हे, व्हिट्रुव्हियसने ती इसवी सनाच्या आधीच लिहून ठेवली होती. यांनी फक्त सोळा वेळा केली. आणि दोन रांगा का, तर एक दुरुस्तीला काढली तरी दुसरी चालू. आमच्याकडे याला रिडंडन्सी म्हणतात आणि त्यासाठी क्लायंटकडून वेगळे पैसे मागतात.

टेकाडावर बसून मोबाइलवर हिशेब मांडला. सेकंदाला समजा २५० लिटर पाणी. वरपासून खालपर्यंत साधारण १८ मीटरचा उतार. गुणाकार केला तर ४४ किलोवॅट. लाकडी चाकं, लाकडी दाते, घर्षण, शिंतोडे यात निम्मं गेलं धरा. उरले २२ किलोवॅट, म्हणजे तीसेक हॉर्सपॉवर. आपल्या अल्टोचं इंजिनही यापेक्षा दांडगं असतं! पण दुसऱ्या बाजूने बघा. गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत साधारण दहा हॉर्सपॉवरची मोटर असते. म्हणजे एकोणीसशे वर्षांपूर्वी, विजेचा पत्ता नसताना, या ओसाड उतारावर आपल्या तीन गिरण्या रात्रंदिवस चालण्याइतकी ताकद होती. दिवसाला किती पीठ पडायचं यावर अभ्यासकांचे आकडे साडेचार टनांपासून पंचवीस टनांच्याही पुढे जातात. (आमच्या प्रोजेक्टचे एस्टिमेटही साधारण याच अचूकतेचे असतात, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.)

पण मला इथे यायचं होतं ते या आकड्यांसाठी नाही. या चक्कीच्या वयावरून जो घोळ झाला, तो मला जास्त भावला.

१९३५ साली मार्क ब्लॉक या फ्रेंच इतिहासकाराने पाणचक्कीवर एक निबंध लिहिला. ब्लॉक म्हणजे मोठा माणूस. इतिहास म्हणजे राजे आणि लढाया नव्हेत, शेत, नांगर, चक्की हाही इतिहासच, हे ज्यांनी ठासून सांगितलं त्यांच्यातला एक. पुढे महायुद्धात तो भूमिगत चळवळीत सामील झाला आणि जून १९४४ मध्ये नाझींनी त्याला गोळ्या घालून मारलं. तर ब्लॉकचं म्हणणं थोडक्यात असं, की पाणचक्की रोमनांना माहीत होती, पण ती सर्रास पसरली मध्ययुगात. कारण? रोमनांकडे गुलाम होते. फुकटात दळून देणारी माणसं असताना यंत्राच्या भानगडीत कोण पडेल?

आणि लगोलग, १९३७ ते १९३९ या काळात, फर्नांद बन्वा यांनी बार्बेगाल खणून काढलं. एवढा मोठा रोमन कारखाना! म्हणजे सिद्धांत कोसळला पाहिजे की नाही? तर नाही. चक्कीचा काळ साम्राज्याच्या उत्तरार्धातला, तिसऱ्या-चौथ्या शतकातला ठरवण्यात आला आणि सगळं छान जुळून आलं. त्या काळात गुलाम मिळेनासे झाले असणार, म्हणून नाइलाजाने यंत्र आलं! पुढची कित्येक दशकं पुस्तकांमध्ये बार्बेगाल असंच यायचं, सिद्धांताला पुरावा म्हणून.

मग १९९० च्या दशकात फिलिप लव्हो यांनी पुन्हा उत्खनन केलं आणि चक्कीचं वय पार मागे गेलं. दुसऱ्या शतकाची सुरुवात. म्हणजे रोमन साम्राज्य ऐन भरात असताना, बाजारात गुलामांची काहीही टंचाई नसताना, कोणीतरी हे सोळा चाकांचं धूड इथे बांधलं होतं. आणि ते तिसऱ्या शतकात, म्हणजे आधी जेव्हा बांधलं असं म्हणत होते साधारण तेव्हा, बंदही पडलं होतं.

मला यात आमच्या धंद्यातली एक ओळखीची खोड दिसते. बग सापडला की आपण आधीच मनात एक कारण ठरवून टाकतो आणि मग लॉगमध्ये त्याला जुळणाऱ्याच ओळी दिसायला लागतात. टाइमस्टॅम्प तपासायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही.

लॉगवरून आठवलं. या चक्कीचा खराखुरा लॉग सापडला आहे, आणि तो कशावर लिहिलाय म्हणता? क्षारावर. पुण्यात ज्यांच्या सोसायटीला बोअरचं पाणी आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. गीझरच्या कॉइलवर, नळाच्या तोंडाशी जो पांढरा खडबडीत थर बसतो ना, तोच. आल्पियचं पाणी चुनखडीतून आलेलं, त्यामुळे ते जिथे जिथे वाहिलं तिथे तिथे क्षार बसवत गेलं. चाकाच्या फळ्यांवर, लाकडी पन्हळींवर, हौदांच्या भिंतींवर. लाकूड कधीच कुजून गेलं. पण त्यावर बसलेले क्षाराचे तुकडे मातीत राहिले, आणि त्यांच्या एका बाजूला लाकडाच्या रेषांचा ठसा जसाच्या तसा. शंभरावर तुकडे अर्लच्या संग्रहालयात ठेवले गेले होते. माइन्त्स विद्यापीठातल्या ग्युल स्युरमेलिहिंदी, केस पास्खिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते कापून सूक्ष्मदर्शकाखाली घातले. झाडाच्या खोडात जशी वर्षाला एक कडी, तसे यात गडद आणि फिकट थर, ऋतूंप्रमाणे. ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून पाणी कधी ऊन होतं आणि कधी गार हेसुद्धा कळतं. कोणता तुकडा चाकाचा, कोणता पन्हळीचा, हे त्यांनी आकारावरून ओळखलं. २०२० साली तर त्यांनी तीन तुकडे जुळवून दाखवून दिलं, की एका ठिकाणी पन्हळ सरळ नव्हती, हाताच्या कोपरासारखी वाकवलेली होती. एकोणीसशे वर्षांपूर्वी कुजून गेलेल्या एका लाकडी पन्हळीचा कोन! माझ्या मागच्या कंपनीत दोन वर्षांपूर्वीच्या कोडचं डॉक्युमेंटेशन सापडत नव्हतं.

२०१८ साली त्यांनी जे प्रसिद्ध केलं ते मात्र फारच रंजक आहे. थर मध्येच तुटलेले दिसतात. पाणी थांबलं, लाकूड कोरडं पडलं, मग पुन्हा पाणी सुरू झालं. आणि हे तुटणं कधीही नाही, उन्हाळा संपता संपता किंवा पानगळीच्या दिवसांत, नेमाने. म्हणजे चक्की दरवर्षी काही काळ बंद असायची. आता जर ती अर्लच्या लोकांसाठी रोजचं पीठ दळत असेल तर हे कसं चालेल? पीठ काही महिनोनमहिने टिकत नाही, आणि लोक वर्षभर जेवतात.

त्यांचं उत्तर आहे जहाजं. हिवाळ्यात भूमध्य समुद्रात जहाजं हाकारायची नाहीत असा तेव्हाचा रिवाज होता, साधारण नोव्हेंबर ते मार्च समुद्र बंद. आणि खलाशांना लागायचा तो ब्रेड म्हणजे दोनदा भाजलेला, दगडासारखा टणक, महिनोनमहिने टिकणारा. आपल्या भाषेत बिनसाखरेचा खारी-टोस्ट म्हणा. अर्ल हे ऱ्होन नदीवरचं मोठं बंदर, खाली समुद्राजवळ आणखी एक. जहाजं यायची, शिधा भरून निघायची. प्रवासाचा मोसम सरत आला की मागणी थांबली, चक्की थांबली. मग चाकं दुरुस्त करा, फळ्या बदला. त्या क्षाराच्या थरांवरून असंही दिसतं, की लाकडी भाग काही वर्षांनी बदलावेच लागायचे.

मी तिथे बसलो होतो ते दिवस म्हणजे नेमके चक्की बंद असण्याचे. एकोणीसशे वर्षांपूर्वीही कदाचित इथे असंच शांत असेल, कोणी सुतार खाली हौदात उतरून शिव्या देत क्षार खरवडत असेल.

सुतारावरून आणखी एक. अर्लमध्ये एक दगडी शवपेटी सापडली आहे, क्विंटस कँडिडियस बेनिग्नस नावाच्या माणसाची. शहरातल्या बांधकाम-सुतारांच्या संघाचा हा सभासद. बायकोने आणि मुलीने त्यावर कोरून घेतलंय, की याच्यापेक्षा जाणकार कोणी नव्हता, भले भले कारागीर याला गुरू मानायचे, याला यंत्रं करता यायची आणि पाण्याला वाट काढून देता यायची. वर, मित्रांना जेवू-खाऊ घालणारा गोड माणूस होता. बार्बेगाल यानेच बांधलं असावं असं काहींनी सुचवलं आहे. पुरावा काही नाही. पण मला तो आवडला. आमच्यापैकी किती जणांच्या बाबतीत घरची माणसं असं काही लिहितील? 'मीटिंगमध्ये होता' एवढंच लिहितील.

आता जरा अडचणीचा भाग. इथवर वाचून वाटेल की बघा, रोमन किती पुढारलेले, माणसांचे कष्ट वाचवले. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. इसवी सनाच्या आगेमागे कधीतरी अँटिपेटर नावाच्या ग्रीक कवीने पाणचक्कीवर एक छोटी कविता केली आहे. तिचा आशय असा, की दळणाऱ्या बायांनो, कोंबडा आरवला तरी आता झोपून राहा, तुमचं काम पाण्याने अंगावर घेतलंय. वाचून मन प्रसन्न होतं. पण बार्बेगाल चालू होतं त्याच दुसऱ्या शतकात अपुलियसने एक कादंबरी लिहिली. तिचा नायक जादूने गाढव होतो आणि एका चक्कीवर जुंपला जातो. तिथे तो जी माणसं बघतो त्यांच्या अंगावर वळ आहेत, कपाळावर डाग दिले आहेत, पायात बेड्या आहेत आणि अंग पिठाने पांढरं झालं आहे. एकच शतक, एकच साम्राज्य. उतारावर सोळा चाकं पाण्यावर फिरत होती आणि दुसरीकडे माणसं आणि गाढवं गोल फिरत होती. दोन्ही एकाच वेळी. ब्लॉकला वाटलं होतं तसं गुलाम असले म्हणून यंत्र अडलं नाही, आणि यंत्र आलं म्हणून बेड्या सुटल्या असंही नाही. यंत्र जिथे ढीगभर शिधा एकदम हवा होता तिथे आलं.

परतीच्या गाडीत बसल्यावर आजीला व्हिडिओ कॉल लावला. आजी भोरकडे गावी असते. तिच्या पडवीत एक जातं आहे. वरच्या तळीला खुंटा नाही आता, त्यावर काकूने तुळशीची कुंडी ठेवली आहे. मला अलीकडे त्या जात्याचं फार प्रेम आलं होतं, कारण मी जालावर जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह ऐकत होतो. गी पॉयतव्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून लाखावर ओव्या गोळा केल्या, तो. यातले पॉयतव्हँ जन्माने फ्रेंच, पुण्यात येऊन इथलेच झालेले. म्हणजे एक फ्रेंच माणूस मुळशीच्या खोऱ्यात जात्यापाशी बसून बायकांची गाणी लिहून घेत होता, आणि मी फ्रान्समधली चक्की बघायला सायकल हाणत होतो. आजीला मी फोटो दाखवले, सोळा चाकांचं सगळं समजावून सांगितलं. ती कविताही सांगितली.

"मंग चांगलंच की," आजी म्हणाली. "निजल्या असतील बाया."

मी म्हटलं, "पण आजी, मग ओव्या गेल्या ना."

"अरे येड्या, पहाटं तीनला उठून पायली पायली दळायचं, पोटुशी असलं तरी दळायचं. गानार न्हाई तर काय करनार? गावात गिरण आली त्या दिशी मी आन तुझी थोरली आजी दोघी उजाडंस्तोवर झोपलो. सासूनं बी उठवलं न्हाई."

हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. मी इतके दिवस ओव्या ऐकून हळवा होत होतो.

मग तिनेच विचारलं, "ती तुझी चक्की बंद का पडली?" मी म्हटलं, नक्की सांगता येत नाही, पण तिसऱ्या शतकात तिथलं काम थांबलं, मग लाकूड कुजलं आणि भिंती पडत गेल्या. तर म्हणाली, दगडाला टाकी कोण लावायचं तिथं? वर्षाला दगड टाकून घ्यायला लागतो, न्हाई तर नुसतं फिरतंय, दळत न्हाई. एवढा अभ्यास करून हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. बत्तीस दगड. कोणीतरी त्या बंदच्या दिवसांत छिन्नी घेऊन बसतच असणार.

दिवाळीला गावी गेलो की कुंडी उतरवून जातं लावून बघायचं असं मी जाहीर केलं. आजी हसली. म्हणाली, टाकी लावणारा गावात यायचा बंद होऊन तीस वर्षं झाली, आधी तो शोध. आणि कुंडी काकूला विचारून उतरव.